नागपंचमी ते चंपाषष्ठी : घरच्या घरीं रोपांची जोपासना

चंपाषष्ठीच्या दिवशीं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि चातुर्मासापासून वर्ज्य असलेलें वांगें त्या दिवशीं प्रथम पानांत घ्यावयाचें, हा महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. मुदखेडच्या आमच्या घरीं त्यांत आणखी एक पोटनियम होता. नैवेद्याचें वांगें बाजारांतलें चालत नसे. तें परसांतलें, आणि तेंही काकूंच्या बियाचें असावें लागे. आंखूड, हिरवट, पांढऱ्या रेघांचें असें तें वांगें असे. निखाऱ्यावर भाजलें म्हणजे त्याची साल एका ओढीसरशी सुटून येई. काकू दरवर्षीं एक फळ झाडावरच पिवळें होऊं देत, त्याचें बीं धुऊन सावलींत वाळवीत, आणि राखेंत घोळून जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधून ठेवीत. हें आम्ही तीस वर्षें पाहिलें. पाहिलें म्हणजे काय, तर तिकडे पाहत पाहत पुढें गेलों.

२०२४ सालच्या वैशाखांत काकू निवर्तल्या. आदलीं दोन वर्षें त्या अंथरुणावरच होत्या, त्यामुळें परसांत झाड लागलें नव्हतें. तेरावा झाल्यावर त्यांचें फडताळ आवरतांना ती पुरचुंडी सांपडली. चहाचा अर्धा चमचा भरेल इतकेंच बीं. त्या वांग्याचें तेवढेंच बीं आतां या घरांत उरलें होतें, आणि तें कसें पेरावें हें घरांतील एकालाही ठाऊक नव्हतें. आमच्या घरांत पदवीधर पांच आहेत. त्यांतील दोघे तर शिक्षक. पण ज्या विद्येवर दरवर्षींचा नैवेद्य अवलंबून होता, ती विद्या शिकून घ्यावी असें कोणालाच सुचलें नाहीं. काकू करीत होत्या आणि आम्ही खात होतों.

हा लेख लिहिण्याचें कारण इतकेंच. आमची फजिती कशी झाली आणि ती कशी निस्तरली, हें वाचून ज्यांनीं कधीं मातींत बीं टाकलें नाहीं अशा वाचक-वाचिकांचे चार हेलपाटे वांचले, तर आमचीं मेलेलीं रोपें सार्थकीं लागलीं असें आम्ही समजूं.

पहिली पेरणी : अकरा माणसांची माया

मृग नक्षत्र लागलें आणि आम्हांस उत्साह आला. एका घमेल्यांत परसांतली काळी माती दाबून भरली, पुरचुंडींतलें बहुतेक बीं ओंजळींतून फेंकलें, वर बोटभर माती लोटली आणि घमेलें ढाळजेच्या कोनाड्याखालीं, जातां-येतां दिसेल असें, ठेवून दिलें. नऊ दिवसांनीं हिरवीं टोकें दिसलीं. टाकलेल्या बियाच्या मानानें फारच थोडीं उगवलीं होतीं, पण घरांत मूल रांगूं लागावें तसें त्यांचें कौतुक झालें. दोन दिवसांत तीं बोट-दीड बोट उंच झालीं. मातोश्री म्हणाल्या, "काकूंचा हात अजून घरांत आहे."

मग एके सकाळीं कोपऱ्यांतलीं पांच-सहा रोपें आडवीं झालेलीं दिसलीं. देठ मातीलगत पाणचट, दोऱ्यासारखा बारीक. वर पानें मात्र टवटवीत. जणूं कोणीं कातरीनें कापलीं असावींत! दुसऱ्या दिवशीं अर्धें घमेलें आडवें झालें, चौथ्या दिवशीं सगळेंच.

दोष कोणाचा, याची चौकशी साहजिकच सुरू झाली, आणि तीतून जें निघालें तें ऐकून हंसावें कीं रडावें हें कळेना. तीर्थरूप संध्या आटोपून उठतांना उरलेलें तांब्याभर पाणी घमेल्यांत ओतीत. वहिनी तांदूळ धुतलेलें पाणी 'खत म्हणून' घालीत. मुलें शाळेंतून आल्यावर एकेक पेला. रात्रीं दार लावतांना आम्ही स्वतः, दिवसभरांत कोणीं घातलें नसेल या समजुतीनें, आणखी एक तांब्या. घरांत अकरा माणसें. त्यांतील निदान सात जणांनीं रोज त्या घमेल्याला पाणी पाजलें होतें. घमेल्याला भोक एकही नव्हतें.

मुदखेडचा परिसर फुलशेतीचा. येथील गुलाब, झेंडू, शेवंती नांदेडच्या बाजारांत जातात. त्यामुळें रोपें करणाराच्या शोधांत आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. गांवाबाहेरच्या एका रोपवाटिकेच्या वृद्ध माळ्यापुढें आम्ही घमेलें नेऊन ठेवलें. त्यांनीं मातींत दोन बोटें खुपसलीं, हुंगून पाहिलीं आणि म्हणाले, "काका, तुमचे रोपं तहानेनं नाही मेले, बुडून मेलेत."

या रोगास शेतकरी रोपांची मर किंवा रोप कोलमडणें म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादि बुरशी मातींत असतातच. माती सतत ओली, रोपें दाट, वारा कोंडलेला आणि ऊन नाहीं अशी स्थिति झाली कीं त्या कोवळ्या देठावर चढाई करितात. देठ एकदां कुजला कीं त्यावर इलाज नाहीं. म्हणून सारा उपाय आधींच करावयाचा, आणि तो बव्हंशीं संयमाचा आहे.

आम्ही घरीं येऊन पुरचुंडी पुनः उघडली. फडक्याच्या घडींत अडकलेलें बीं मोजलें तेव्हां तें चाळीस भरलें. यापुढें एकही दाणा उधळून चालणार नव्हतें.

माती आणि भांडें

मराठवाड्याची काळी माती बसाल्ट खडक झिजून झालेली आहे. कपाशी-ज्वारीला ती अन्नपूर्णा, पण तान्ह्या रोपाला सावत्र आई. ओली झाली म्हणजे फुगते आणि आंत वारा शिरूं देत नाहीं. वाळली म्हणजे आकसून भेगाळते आणि भेगेबरोबर कोवळीं मुळें तोडते. म्हणून ती एकटी वापरूं नये. एक भाग माती, एक भाग दोन-तीन पावसाळे कुजलेलें, वास न येणारें शेणखत, आणि एक भाग नदीची जाड वाळू, हें सर्व चाळून एकत्र करावें. वाळू न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात, तो घ्यावा. परीक्षा अशी : मिश्रण किंचित् ओलें करून मूठ दाबावी. मूठ उघडल्यावर ढेंकूळ टिकावें, पण बोटानें टोंचतांच भुरभुरावें. टोंचूनही न फुटल्यास माती फार. मूठ उघडतांच विसकटल्यास वाळू फार.

ज्यांस पुढच्या वर्षींची तयारी करावयाची आहे त्यांनीं वैशाखाचें ऊन फुकट दवडूं नये. ओलसर माती माळवदावर पसरून पारदर्शक प्लास्टिकखालीं चार-सहा आठवडे कडा दाबून झांकून ठेवली असतां ती इतकी तापते कीं बुरशी व तणांचें बीं पुष्कळ अंशीं मरून जातें. आम्हांस तेवढा अवधि नव्हता. म्हणून माळ्यांनीं सांगितल्याप्रमाणें ट्रायकोडर्मा नांवाच्या मित्रबुरशीची चिमूटभर भुकटी शेणखतांत मिसळली. ही बुरशी रोपें मारणाऱ्या बुरशीवर वाढते. काट्यानें कांटा काढण्यासारखेंच हें आहे.

भांड्याविषयीं मात्र खर्च करूं नये. रोपवाटिकांतून ९८ खळग्यांचे प्लास्टिकचे ट्रे वापरतात, पण घरच्या वीस-पंचवीस रोपांस त्यांची गरज नाहीं. करवंटीस भोक पाडून चालतें, जुने पेले चालतात. आम्हांस सर्वांत उत्तम वाटला तो पळसाच्या पानांचा द्रोण. मुंजीनंतर उरलेले द्रोण माळ्यावर होते. पाणी शिवणींतून निथळून जातें आणि पुढें लावणीच्या वेळीं रोप उपटावें न लागतां द्रोणासकट जमिनींत ठेवतां येतें. पान मागाहून कुजून जातें. मात्र द्रोण एकेरी असल्यास पांच आठवडे टिकत नाहीं. एकांत एक असे दोन घालावेत.

पेरणी : नागपंचमीचा दुसरा दिवस

काकू वांग्याचें बीं केव्हां पेरीत, याची आठवण काढतां काढतां मातोश्रींना एक धागा सांपडला. नागपंचमीला जमीन खणूं नये, विळीनें चिरूं नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि काकू नेहमीं म्हणत, "आज नको, उद्यां." म्हणजे पेरणी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं. तेव्हां आम्हीं पंचांग आणि पेन्सिल घेतली. श्रावण शुद्ध पंचमीपासून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, मध्यें अधिक मास नसल्यास, सुमारे १२० दिवस भरतात. वांग्याचें रोप लावणीजोगें व्हावयास ३५ ते ४० दिवस, आणि लावणीपासून पहिलें फळ हातीं यावयास साधारण ६० ते ७५ दिवस. बेरीज चंपाषष्ठीच्या अलीकडेपलीकडे येऊन थांबते! ज्या चार महिन्यांत वांगें खावयाचें नाहीं, त्याच चार महिन्यांत काकू तें वाढवीत होत्या. तीस वर्षें आमच्या डोळ्यांसमोर असलेलें हें गणित आम्हीं त्या दिवशीं प्रथम मांडलें.

२०२४ सालीं नागपंचमी ९ ऑगस्टला होती. १० ऑगस्टला सकाळीं आम्हीं वीस द्रोण मांडले. प्रत्येकांत दोन बिया, एकमेकींपासून दोन बोटें दूर. किती खोल पेरावें याचा साधा नियम असा कीं बीं जेवढें जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट माती त्यावर असावी. वांगें, मिरची, टोमॅटो यांच्या बियांवर म्हणूनच नखभर भुकटी पुरे. आम्हीं पूर्वीं घातलेल्या बोटभर मातीखालीं निम्मीं बियाणीं वर येण्यापूर्वींच दमून गेलीं असलीं पाहिजेत. वरून वाळल्या गवताची पातळ चटई घातली. ही चटई अंकुर दिसतांच काढावी. एक दिवस उशीर झाला तरी रोपें तिच्यांत गुंततात.

वांगें, मिरची, टोमॅटो यांस उगवण्यासाठीं २५ ते ३० अंश उष्णता मानवते, आणि श्रावणांत आपल्याकडे ती आपसूक असते. आठव्या दिवशीं पहिला अंकुर दिसला, बाराव्या दिवसापर्यंत सव्वीस रोपें वर आलीं. काकूंच्या राखेनें तीन वर्षांनंतरही एवढें बीं जिवंत राखलें होतें.

ज्यांस आपल्या जुन्या बियाविषयीं शंका असेल त्यांनीं मटकीला मोड आणण्याचीच युक्ति करावी. दहा दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून झांकून ठेवावे आणि आठ-दहा दिवसांनीं किती उगवले तें मोजावें. सात उगवले तर बीं चांगलें. तीन उगवले तर दुप्पट पेरावें. एकही न उगवल्यास माती वायां घालवूं नये.

पाणी एकाच्या हातीं

या वेळीं घरांत एक कायदा केला. पाणी घालण्याचा अधिकार फक्त आमच्या बारा वर्षांच्या पुतणीचा. तिला तांब्या दिला नाहीं, अडगळींतली एक जुनी संध्येची पळी दिली. तिनें सकाळीं प्रत्येक द्रोणांतल्या मातीला बोट लावावें. बोटाला माती चिकटली तर पाणी नाहीं. कोरडें निघालें तर कडेनें एक पळी, देठावर नाहीं. मग पाटीवर तारीख आणि पळ्यांची संख्या लिहावी. पाटी द्रोणांशेजारीं टांगलेली, त्यामुळें ज्याला माया आंवरेना त्यानें आधीं पाटी वाचावी!

पाणी सकाळींच कां, असें तीर्थरूपांनीं विचारलें. सकाळचें पाणी दिवसाच्या उन्हानें वरून सुकतें आणि मुळाशीं राहतें. सायंकाळचें पाणी रात्रभर देठाभोंवतीं साचतें आणि बुरशीला आयतें आमंत्रण मिळतें. पाटी पाहतां श्रावणाच्या ढगाळ दिवसांत कित्येकदां दोन-दोन दिवस एकही पळी पडलेली नाहीं. सर्व रोपांस मिळून सबंध आठवड्यांत दोन तांबेही पाणी लागलें नाहीं.

ही गोष्ट मराठवाड्यांत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूरला प्यावयाचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें होतें; पहिल्या गाडींत सुमारे पांच लाख लिटर पाणी होतें. अशा मुलुखांत 'बागेला पाणी कोठून आणावें' हा प्रश्न खोटा नाहीं. परंतु रोपवयांत झाडाला जें लागतें तें पाण्याच्या घागरी नसून नित्य पाहणारी एक नजर आहे. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी पुढें मोठ्या झाडांना खुशाल घालावें. तान्ह्यांना साधें पाणीच बरें.

उन्हाची भूक

पहिल्या खेपेस रोपें भराभर उंच झालीं म्हणून आम्हीं कौतुक केलें होतें. माळ्यांनीं त्याचाही अर्थ सांगितला. अंधारांतलें रोप वाढत नसतें, तें उजेड शोधीत असतें. आहे तेवढें बळ देठ लांबविण्यांत खर्च करून तें फिकें, मान टाकलेलें आणि लुळें होतें. जाड देठ, आंखूड पेरीं आणि गडद पान हीं निरोगी रोपाचीं लक्षणें.

आपले जुने वाडे उन्हाळ्यांत थंड राहावे म्हणून बांधलेले. त्यांत उजेड आंखडता. तेव्हां रोपांची जागा ढाळजेंत नव्हे, तर अंगणांत तुळशीवृंदावनापाशीं, जेथें पूर्वेचें ऊन तीन-चार तास येतें आणि दुपारीं भिंतीची सावली पडते. अंकुर दिसतांच रोपें तेथें नेलीं पाहिजेत. आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडली : रोपांच्या शेंड्यांवरून रोज दोन-चार वेळां हलकेच तळहात फिरवावा. वाऱ्यानें हलणारें रोप जसें देठ जाड करितें, तसेंच या स्पर्शानेंही होतें. ज्यांस पाणी घालण्याची बंदी होती, त्यांच्या मायेलाही अशी वाट मिळाली.

दोन खरीं पानें आलीं म्हणजे ज्या द्रोणांत दोन रोपें असतील तेथील अशक्त रोप काढावें, असें शास्त्र आहे. कातरीनें कापावें, उपटूं नये, कारण दुसऱ्याचीं मुळें दुखावतात. आमच्यानें मात्र तें झालें नाहीं. सहा द्रोणांत दोन-दोन रोपें होतीं. तीं पुतणीनें चमच्याच्या दांड्यानें मातीसकट उचलून निराळ्या द्रोणांत लावलीं. सहांपैकीं चार जगलीं.

पोळ्याचा पाऊस

१ व २ सप्टेंबर २०२४ रोजीं मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. नांदेड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत नदीनाले फुगले, उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. २ सप्टेंबरला पोळा होता. ज्यांच्या शेतांत पाणी शिरलें त्यांच्या नुकसानीपुढें आमच्या द्रोणांची कथा ती काय! पण पहिल्या रात्रीं कौलांवरून धारा लागल्या तेव्हां सबंध घर कंदील-विजेऱ्या घेऊन अंगणांत उतरलें आणि एकेक द्रोण हातांतून हातांत देत ढाळजेंत आणला. एकत्र कुटुंबांत पाणी घालण्यास एकच हात असावा हें खरें. परंतु पावसांतून चोवीस द्रोण उचलावयास अकरा माणसें असलीं म्हणजे किती बरें वाटतें, हेंही त्या रात्रीं कळलें.

दोन दिवस पळी मुळींच उचलली नाहीं. तरी दोन रोपांचे देठ काळवंडले. तीं द्रोणासकट दूर फेंकून दिलीं. बावीस उरलीं.

लावणी

रोप लावण्याच्या आधींचा आठवडा त्याला कणखर करण्याचा. पाणी थोडें कमी करावें, ऊन रोज तासाभरानें वाढवावें. एकदम उन्हांत काढलें तर पानें भाजतात. बोटभर-वीतभर उंची आणि चार-पांच पानें झालीं म्हणजे वांगें लावणीला आलें.

१७ सप्टेंबर २०२४ रोजीं अनंतचतुर्दशी होती, आणि १९४८ सालीं याच तारखेस मराठवाडा निजामी राजवटींतून मुक्त झाला, त्याचा वर्धापनदिनही. सकाळीं झेंडावंदन, दुपारीं गणपतीचें विसर्जन, आणि ऊन उतरल्यावर लावणी. लावणी नेहमीं सायंकाळींच करावी, म्हणजे रोपाला रात्रभर सांवरावयास मिळतें. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर. कुंडी असल्यास ती निदान एक फूट खोल आणि एका कुंडींत एकच रोप. द्रोणाचा तळ फाडून, त्याचा कांठ मातीखालीं दबेल असा ठेवावा. कांठ वर राहिला तर ओल शोषून मुळांपासून दूर नेतो. लावल्यावर मात्र पोटभर पाणी घालावें. आतां तें तान्हें राहिलेलें नाहीं.

परसांत आम्हीं दहाच रोपें लावलीं. उरलेलीं बारा शेजारीं, लेकीबाळींच्या घरीं, आणि त्या वृद्ध माळ्यांकडे दिलीं. एकाच परसांतलें बीं एका पुराबरोबर, एका बकरीबरोबर किंवा एका माणसाबरोबर संपूं शकतें, हा धडा त्या वर्षानें आम्हांस दिला होता.

इतर भाज्या आणि औषधी

वांग्याबरोबरच नवशिक्यानें काय लावावें? रोप करून लावावयाच्या भाज्यांत टोमॅटो सर्वांत सोपा : पांच-आठ दिवसांत उगवतो, २५ ते ३० दिवसांत लावणीस येतो, आणि लावतांना देठ थोडा खोल गाडला तर त्यासही मुळें फुटतात. मिरची धिमी, उगवावयास आठ-बारा दिवस आणि लावणीस ४० ते ४५ दिवस. फुलकोबी २५ ते ३० दिवसांत, तर कांदा ४५ ते ५० दिवसांत तयार होतो.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांचीं रोपें करूं नयेत. तीं जेथल्या तेथेंच पेरावींत. मुळ्या-गाजराची जागा बदलली तर मुळाला फांटे फुटतात. धने चपलेखालीं किंवा लाटण्याखालीं हलकेच रगडून त्यांच्या दोन फांका कराव्या आणि रात्रभर भिजत घालावे. तरीही आठ-पंधरा दिवस धीर धरावा लागतो. वैशाखांत धने पेरून निराश होणारे पुष्कळ भेटतात. दोष धन्यांचा नसून उन्हाचा. मेथी मात्र तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून मुलांच्या हातून पहिली पेरणी तिचीच करावी. कारलें, दोडका, दुधी यांचीं बियाणीं कठीण कवचाचीं. तीं रात्रभर भिजवून पेरावींत.

औषधी रोपांपैकीं तुळशीचें बीं इतकें बारीक असतें कीं तें मातींत पुरावयाचें नाहीं. मातीवर भुरभुरून हलकेच दाबावें आणि पाणी शिंपडावें. पुदिना, ओव्याचें पान, गवती चहा यांस बियाची वाटच पाहूं नये. पहिलीं दोन देठाच्या तुकड्यापासून आणि गवती चहा मुळासकट फुटव्यापासून सहज लागतो. बाजारांतून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या पेल्यांतल्या पाण्यांत ठेवल्या तरी थोड्याच दिवसांत मुळें धरितात. कढीपत्त्याचें बीं ताजें असतांनाच पेरावें. महिनाभर डब्यांत राहिलें कीं तें बहुधा मेलेंच.

बीं कोणाचें?

बाजारांतील पुडीवर 'संकरित' असें लिहिलेलें असल्यास एक गोष्ट समजून असावी. त्या रोपाचें फळ उत्तम येईल, पण त्या फळाच्या बियापासून पुढल्या वर्षीं तसेंच झाड येईल याची शाश्वति नाहीं. दरवर्षीं पुडी नवी घ्यावी लागते. यांत निंदेचें कारण नाहीं. संकरित बियाण्यांचा मोठा उद्योग आपल्याच मराठवाड्यांत, जालन्यास उभा आहे. १९६४ सालीं तेथें महिको ही संस्था स्थापन करणारे बद्रीनारायण बारवाले यांस १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढें याच संस्थेनें तयार केलेल्या बीटी वांग्यास केंद्र सरकारनें ९ फेब्रुवारी २०१० रोजीं स्थगिति दिली. त्या वेळच्या चर्चेंत एक मुद्दा असा होता कीं वांग्याच्या नानाविध जातींचें भारत हें माहेर आहे, आणि त्या जाती जपल्या पाहिजेत.

त्या जाती जपल्या कोणीं? बव्हंशीं काकूंसारख्या बायांनीं, राखेंत आणि पुरचुंडींत. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां देशी वाणांची बियाणे-पेढी उभी केली. त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब लाभला. शेतकऱ्यानें आपलें बीं राखावें, पेरावें, दुसऱ्यास द्यावें, हा अधिकार २००१ सालच्या कायद्यानेंही मान्य केला आहे. अधिकार आहे, परंतु तो वापरावयाचा हात घरांत पाहिजे.

चंपाषष्ठी

७ डिसेंबर २०२४ रोजीं चंपाषष्ठी होती. परसांतल्या दहांपैकीं सात झाडें उभीं राहिलीं होतीं. त्यांवर नैवेद्यापुरतीं चार वांगीं तयार होतीं. पानांत वाढावयास कमी पडलीं म्हणून उरलेलीं शेजारच्या घरून, आपल्याच रोपांचीं, मागून आणलीं. मातोश्रींनीं निखाऱ्यावर एक वांगें भाजलें, सालीला हात घातला. ती एका ओढीसरशी निघून आली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

सर्वांत जोमदार झाडावरचें एक फळ तसेंच ठेवलें होतें. तें पिवळें झाल्यावर पुतणीनें त्याचा गर पाण्यांत कुसकरला, तरंगणारें पोंचट बीं ओतून दिलें, तळाशीं बसलेलें सावलींत वाळविलें आणि राखेंत घोळून चार पुरचुंड्या बांधल्या : एक आमची, तीन परक्या घरांच्या. आमच्या पुरचुंडीबरोबर तिनें ती पाटीवरची टिपणें वहींत उतरून ठेवलीं आहेत.

वाचकहो, आपल्याही घरांत अशी एखादी काकू, आजी किंवा आत्या असेल, आणि तिच्या फडताळांत एखादी पुरचुंडी. पेरणीचा मुहूर्त श्रावणाचा खरा. पण तिच्याजवळ बसून विचारावयास आजची सायंकाळ पुरे.